‘आपली रीत’ आणि माणसाचा हक्क

हुबळीहून धारवाडकडे जाताना लागणारे उणकल हे गाव तेथील तलावामुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याच गावात कल्याणच्या चालुक्यांच्या काळातील चंद्रमौळेश्वराचे मंदिर आहे. असे जुने दगडी काम पाहिले म्हणजे आपल्या संस्कृतीचा अभिमान वाटणे साहजिकच होय. परंतु हा अभिमान पुष्कळदा भलत्याच कामी लावला जातो. मानवी हक्क हे परदेशी रोप आहे, ते आपल्या मातीत रुजावयाचे नाही, आपली रीत निराळी, असे मोठ्या ठामपणे सांगण्यात येते. या म्हणण्यात तथ्य किती, याचा विचार वाचकांनी करावा असे आम्हांस वाटते.

त्या चालुक्यांची जी राजधानी, त्याच कल्याण नगरीत बाराव्या शतकात बसवण्णांभोवती शरण मंडळी जमली. परंपरा असे सांगते की, चर्मकार हरळय्याचा मुलगा व ब्राह्मण मधुवरसाची मुलगी यांचा विवाह शरणांनी मान्य केला, आणि त्याबद्दल बिज्जल राजाने दोघांच्याही पित्यांना देहान्ताची शिक्षा दिली. शरण देशोधडीला लागले. काहीजण चन्नबसवण्णांबरोबर उळवीच्या रानात गेले. तेथील जत्रेला धारवाड भागातून आजही बैलगाड्या जातात. आता यांत येथील संस्कृती कोणती म्हणावयाची? तो विवाह, की ती शिक्षा? दोन्ही याच भूमीत घडली. म्हणून ‘आपली संस्कृती असे सांगते’ हे शब्द कानी पडले, की ते कोण बोलतो आहे आणि त्यात कोणाची सोय आहे, हे पाहणे अवश्य आहे.

राष्ट्रांचेही असेच आहे. 10 डिसेंबर 1948 रोजी पॅरिस येथे मानवी हक्कांचा जाहीरनामा मतास पडला, तेव्हा 48 राष्ट्रांनी अनुकूल मत दिले. विरोधात कोणीच नव्हते, पण 8 राष्ट्रे तटस्थ राहिली. वर्णभेदावर राज्य उभारणारी दक्षिण आफ्रिका त्यांत होती, सौदी अरेबियाही होता. जी रीत मोडावी लागेल, तिच्याच आड प्रत्येकजण उभा राहिला. भारताने मात्र अनुकूल मत दिले. एवढेच नव्हे, तर मसुद्यातील ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या जागी ‘सर्व मानव’ हे शब्द यावेत म्हणून आग्रह धरला तो आपल्या हंसाबेन मेहता यांनी. तेव्हा या रोपाला आपल्याकडील हातांनीही पाणी घातले आहे.

हक्कांआधी कर्तव्य, ही आपली शिकवण नाही काय, असे कोणी विचारील. युनेस्कोने 1947 साली मत मागविले असता गांधीजींनीही असेच कळविले होते, की नीट पार पाडलेल्या कर्तव्यातूनच हक्क निपजतात. हे वचन मोलाचे आहे. पण ज्याला पाणवठ्यालाही शिवू दिले जात नव्हते, त्याने कोणते कर्तव्य आधी करावयाचे? 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी पाणी प्याले, आणि तो हक्क मुंबईच्या उच्च न्यायालयात कायम होण्यास 1937 साल उजाडले. पोप तेविसावे जॉन यांनी 1963 सालच्या ‘पाचेम इन तेरिस’ या विश्वपत्रात हक्क व कर्तव्य यांची सांगड घातली आहे. माझा हक्क म्हणजे शेजाऱ्याचे कर्तव्य, हा त्यातील बोध आहे.

आता आपल्या घराकडे वळू. केरळातील त्रावणकोर भागात सीरियन ख्रिस्ती मुलीला, बापाने मृत्युपत्र केले नसल्यास, मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा 5000 रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढेच मिळे. ही आमची जुनी रीत, असे तेथेही म्हटले जाई. मेरी रॉय या शिक्षिका त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि 1986 साली जिंकल्या. भारतीय वारसा कायदा 1925 सालचा आहे. ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले मुलामुलींना समसमान, असे तो सांगतो. हाच कायदा कर्नाटकातील व महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबांनाही लागू आहे.

तरीही वाटणीच्या दिवशी लेकीपुढे कागद येतो. ‘तुझे लग्न करून दिले, आता भावाकडे माहेर राहू दे, सही कर,’ असे प्रेमाने सांगितले जाते. माहेर तुटेल या भीतीने ती सही करते, आणि आपण त्याला ‘आपली रीत’ म्हणतो. ज्या रीतीत एकालाच मागावे लागते आणि दुसऱ्याला न मागता मिळते, ती जपण्याजोगी आहे काय? लेकीची साडीचोळी, भावाची ओवाळणी, हे आपले वैभव खुशाल राखावे. तिचा वाटा दिल्याने त्यातील काहीच उणे होत नाही. तो कागद पुढे करण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांनी तिला एकदा बसवून घ्यावे, कायद्याने तिचे काय आहे ते समजावून सांगावे, आणि मग तिचे म्हणणे ऐकावे, एवढेच आमचे मागणे आहे.