‘सायबर’ म्हणजे संगणक नव्हे

गैरसमज : सायबोर्ग म्हणजे संगणक बसवलेला माणूस, कारण ‘सायबर’ म्हणजेच संगणक.

सायबर पोलीस, सायबर कॅफे, सायबर गुन्हे हे शब्द रोज कानावर पडतात, त्यामुळे ही समजूत पक्की झाली आहे. चांगली शिकलेली माणसंही ती ठासून सांगतात, तेव्हा चिडचिड होते. मूळ ग्रीक शब्द समुद्रावरचा आहे. ‘किबर्नेटीस’ म्हणजे जहाजाचं सुकाणू धरणारा. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये राज्य कुणी चालवावं याची चर्चा करताना जो जहाजाचा दाखला येतो, त्यातला जाणता माणूस हाच. लॅटिनमध्ये त्याचा ‘गुबर्नाटोर’ झाला आणि त्यातून इंग्रजीत ‘गव्हर्नर’ आला. वाफेच्या इंजिनाचा वेग आपोआप आवरणाऱ्या यंत्रणेलाही गव्हर्नरच म्हणतात. तिच्यावर जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये निबंध लिहिला. गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी आपल्या नव्या शास्त्राला ‘सायबरनेटिक्स’ हे नाव दिलं, ते हे सगळं डोळ्यांसमोर ठेवून. शंका असेल त्यांनी त्यांच्या १९४८ च्या ग्रंथाची प्रस्तावना वाचावी. यंत्र असो वा सजीव, भरकटलेली दिशा ओळखून ती सावरायची कशी, हा त्यांचा विषय.

मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन यांनी सप्टेंबर १९६० मध्ये ‘ॲस्ट्रॉनॉटिक्स’ मासिकात ‘सायबरनेटिक’ आणि ‘ऑर्गनिझम’ जोडून ‘सायबोर्ग’ घडवला. अंतराळात पृथ्वीसारखं वातावरण वाहून नेण्यापेक्षा माणसाचं शरीरच तिथल्या परिस्थितीला जुळवून घ्यावं, ही त्यांची कल्पना. लेखात त्यांनी छायाचित्र दिलं एका २२० ग्रॅमच्या उंदराचं. त्याच्या कातडीखाली एक छोटा पंप होता, ठरावीक संथ गतीने औषध सोडणारा. उंदराला त्याकडे लक्ष द्यावं लागत नव्हतं. संगणक त्यात कुठेच नाही! ‘सायबर’ला संगणकाचा अर्थ चिकटला तो नंतर, विल्यम गिब्सन यांनी १९८२ च्या एका कथेत ‘सायबरस्पेस’ हा शब्द वापरल्यावर.

‘बोर्ग’ हा वेगळा शब्द आहे? नाही. ‘सायब’ आणि ‘ऑर्ग’ अशी फोड करा. ‘ऑर्ग’च्या मुळाशी ग्रीक ‘ऑर्गनॉन’, म्हणजे अवजार.

सायबोर्ग म्हणजे रोबो? मुळीच नाही. ‘रोबो’ चेक भाषेतला, कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकातून आलेला. मुळात अर्थ वेठबिगारी.

सायबोर्ग फक्त चित्रपटांत असतात? पूर्णपणे शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ मध्ये स्वीडनमध्ये एका रुग्णाला लावला गेला, म्हणजे हा शब्द जन्मण्याच्या दोन वर्षं आधी. आजचे बहुतेक पेसमेकर तर हृदयाचे ठोके टिपतात आणि गरज पडेल तेव्हाच विजेचा सौम्य स्पंद देतात.