राखणीच्या कुत्र्याची जिगर

महाड व पोलादपूर या तालुक्यांतील शेती बहुतांशी डोंगरउताराची आहे. सावित्री व तिला मिळणाऱ्या नद्यांच्या काठी भातखाचरे आणि त्यांच्यावर, रानाला लागून, नाचणी-वरीची वरकस जमीन, अशी येथील अनेक गावांची ठेवण असते. पीक दाण्यावर आले की रानडुकरांचे कळप रात्री खाली उतरतात. ते जेवढे खातात त्याहून कितीतरी अधिक तुडवून व उकरून टाकतात. माळ्यावर बसून हाकारे घालणे, डबे वाजविणे, शेकोटी पेटती ठेवणे हे उपाय शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. आणि या राखणीतील त्याचा जुना सोबती म्हणजे कुत्रा होय. डोंगरावरील धनगरवाड्यांतही बिबट्याची चाहूल माणसाच्या आधी कुत्र्यालाच लागते.

कुत्र्याच्या इमानाचे कौतुक या मुलखास नवे नाही. महाड तालुक्यातील रायगडावर वाघ्या कुत्र्याचे स्मारक विसाव्या शतकात उभारले गेले. त्यामागील कथेच्या ऐतिहासिकतेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि लोकमानसात इमानी कुत्र्याला किती मोठे स्थान आहे, हे त्यावरून दिसते. परंतु इमान हा एक गुण आणि जिगर हा दुसरा. राखणीच्या कामी दोहोंची गरज असते. त्यांतील जिगरीविषयी मात्र पुष्कळ गैरसमज आढळतात. जो कुत्रा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावर धावतो तो जिगरबाज, असे सर्रास मानले जाते. या समजुतीपायी पिल्लाची निवड चुकते, माणसांना चावे बसतात आणि एखादा खरोखरीच चांगला कुत्रा डुकराच्या सुळ्यांना नाहक बळी पडतो.

जिगर म्हणजे काय?

हाती घेतलेले काम अंधार, पाऊस, दमणूक किंवा वेदना यांना न जुमानता नेटाने चालू ठेवण्याची वृत्ती म्हणजे कुत्र्याची जिगर. तिच्यात धैर्य आहे, पण धैर्याहून चिकाटी अधिक आहे. जिगरबाज कुत्रा एकदा दचकेल, दोन पावले मागेही सरेल; परंतु पुन्हा वळून आपल्या जागी उभा राहील.

खुनशीपणा ही याहून अगदी निराळी गोष्ट आहे. सतत साखळीस बांधलेला, मार खाल्लेला किंवा लहानपणी माणसांत न वावरलेला कुत्रा बहुधा भीतीपोटी चावतो. असा कुत्रा दिवसा शाळेच्या मुलांवर धावतो आणि रात्री डुकराचा हुंकार ऐकताच बाजेखाली शिरतो. उलट खरा जिगरबाज कुत्रा घरी बहुधा शांत असतो, कारण त्याला उगाच कोणाची भीती वाटत नाही. चढाई करणे आणि टिकून राहणे यांतील हा भेद ज्याला कळला, त्याला राखणीचा कुत्रा ओळखता येईल.

टेरियर व बुलडॉग यांचा धडा

या गुणाची जाणीवपूर्वक पैदास इंग्लंडमध्ये झाली. तेथील टेरियर या जातीगटाचे नाव जमीन या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. कोल्हा बिळात दडला म्हणजे हा लहान कुत्रा आत शिरे. बिळात अंधार, अरुंद वाट, समोर दात विचकणारा कोल्हा आणि हाकेच्या अंतरावर धनी नाही, अशा स्थितीत त्याने टिकून राहणे अपेक्षित असे. डेव्हन परगण्यात पुढे पाद्री म्हणून नावाजलेले जॉन रसेल यांनी ऑक्सफर्ड येथे विद्यार्थी असताना, १८१९ मध्ये, ट्रम्प नावाची एक टेरियर कुत्री विकत घेतली. तिच्यापासून सुरू झालेला वंश आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, कोल्ह्यास बिळातच ठार करणारा कुत्रा रसेल यांना नको होता. समोर उभे राहून अखंड भुंकणारा व कोल्ह्यास बाहेर पडणे भाग पाडणारा कुत्रा त्यांना हवा होता. कुत्र्यांकरवी कोल्ह्याची शिकार करण्यास इंग्लंड व वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने बंदी आली. पण काम तडीस नेणे म्हणजे जीव घेणे नव्हे, हा त्या पैदाशीतील धडा आजही उपयोगाचा आहे.

याच गुणाचा दुरुपयोगही तेथेच झाला. बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडण्याचा खेळ इंग्लंडमध्ये शतकानुशतके चालला. बैलाचे नाक पकडून काही झाले तरी न सोडणारा, म्हणून बुलडॉग नावाजला. १८३५ च्या कायद्याने तो खेळ बंद झाला. त्यानंतर बुलडॉग व टेरियर यांच्या संकरातून झालेले कुत्रे चोरून एकमेकांशी झुंजविले जाऊ लागले. जखमी कुत्रा रेघ ओलांडून पुन्हा प्रतिपक्षावर जातो की नाही, यावर त्याची जिगर ठरे आणि त्यावर पैज लागे. ही कसोटी कुत्र्याच्या गुणापेक्षा माणसाच्या निर्दयतेचीच म्हणावी लागेल. ज्या कुत्र्याने धन्यासाठी माघार घेतली नाही, त्याच्या वाट्याला त्या निष्ठेपायी मरणच आले.

भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यान्वये प्राण्यांच्या झुंजी लावणे हा गुन्हा आहे. तसेच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत वन्य प्राण्याचा पाठलाग करणे व त्यास हाकून नेणे यांचाही समावेश होतो. म्हणून कुत्र्यांची टोळी घेऊन रानात शिरणे व डुक्कर घेरणे शेतकऱ्याने कटाक्षाने टाळावे. पिकाची नासाडी झाल्यास विलंब न लावता वनखात्याच्या कार्यालयात अर्ज करावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पंचनाम्याच्या व नुकसानभरपाईच्या कामी त्यास साहाय्य करावे.

उत्तम जिगरीचे उदाहरण

जिगरीचा खरा उपयोग पाहावयाचा असेल तर शोधपथकातील कुत्र्यांकडे पाहावे. महाड शहरात २४ ऑगस्ट २०२० रोजी पाच मजली इमारत कोसळली, तेव्हा मदतीस आलेल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलासोबत श्वानपथकही होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला. तेथे गेलेल्या याच दलाच्या ज्यूली व रोमिओ या लॅब्रेडोर कुत्र्यांनी ढिगाऱ्याखाली जिवंत असलेल्या सहा वर्षांच्या मुलीचा माग लावला. धूळ, थंडी, पायांखाली हलणारे दगड आणि भोवतीचा गोंगाट यांतही नाक खाली ठेवून काम करीत राहणे, हीच जिगर. तिच्यात कोणास चावण्याचा प्रश्नच येत नाही.

पिल्लाची निवड

राखणीसाठी महागडे विलायती कुत्रे आणण्याचे कारण नाही. आखूड तोंडाच्या बुलडॉगसारख्या जातींना उष्ण व दमट हवेत धाप लागते. कोकणातील उकाड्यात व पावसात रात्रभर हिंडण्याचे काम त्यांना झेपत नाही. याच हवेत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला गावठी कुत्रा कमी खर्चाचा, काटक व कानाने तिखट असतो.

पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. निवड करताना प्रथम त्याच्या आईचा स्वभाव पाहावा. ती विनाकारण चावरी असल्यास ते पिल्लू टाळावे. नंतर पिल्लांपासून थोड्या अंतरावर थाळी पाडून आवाज करावा. दचकणे हा दोष नव्हे. जे पिल्लू दचकल्यावर थोड्याच वेळात स्वतः होऊन थाळी हुंगण्यास येते, ते राखणीच्या कामास योग्य समजावे. कोपऱ्यात दडून बसणारे, तसेच भावंडांना सतत ओरबाडणारे, अशी दोन्ही पिल्ले वगळावीत.

शिकवण

पिल्लास लहानपणापासून घरची माणसे, मुले, गुरे, कोंबड्या व वाटसरू यांच्या सहवासात वाढवावे. हाक मारताच परत येणे, हा त्याचा पहिला व सर्वांत महत्त्वाचा धडा होय. हाकेस आल्यावर त्यास भाकरीचा तुकडा द्यावा. उशिरा आला म्हणून मारू नये. मार बसतो असे कळले की तो पुढच्या वेळी येणारच नाही. जो कुत्रा परत बोलाविता येत नाही, त्याची जिगर त्याच्याच जिवावर उठते.

एक वर्षाच्या आतील कुत्रा एकटा रात्रीच्या राखणीस ठेवू नये. प्रथम जाणत्या कुत्र्यासोबत, माणूस माळ्यावर असताना न्यावा. त्याचे काम बांधावर उभे राहून भुंकण्याचे व धन्यास जागे करण्याचे आहे, डुकरास भिडण्याचे नव्हे. तो बांध ओलांडून रानात शिरू लागताच त्यास परत बोलवावे. पिलांची डुकरीण व एकटा मोठा नर हे विशेष धोक्याचे असतात. बिबट्याचा वावर असेल तेथे कुत्र्यास रात्री उघड्यावर बांधून ठेवू नये. बांधलेल्या कुत्र्यास लढताही येत नाही आणि पळताही येत नाही. बिबट्या बहुधा मानेस धरतो, म्हणून गळ्यात रुंद काटेरी पट्टा घालणे हिताचे असते.

जखमा व आजार

जिगरबाज कुत्रा वेदना सहसा दाखवीत नाही. म्हणून त्याच्याकडे इतर कुत्र्यांपेक्षा अधिक लक्ष द्यावे लागते. राखणीहून परतल्यावर रोज सकाळी पोट, छाती, मांड्या व पायांचे तळवे हात फिरवून तपासावेत. सुळ्याची जखम वरून लहान दिसते, पण आत खोल गेलेली असते. ती स्वच्छ पाण्याने धुऊन कुत्र्यास त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. आतडे बाहेर आले असल्यास ते आत ढकलू नये. स्वच्छ ओल्या फडक्याने झाकून तातडीने दवाखाना गाठावा. पावसाळ्यात गोचिडांकडे लक्ष द्यावे आणि जंताचे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळोवेळी द्यावे. नुसत्या पेजेवर कामाचा कुत्रा टिकत नाही. भाकरीबरोबर डाळ, ताक, अंडे किंवा काटे काढलेली मासळी द्यावी.

रेबीजची लस पिल्लास तीन महिन्यांच्या सुमारास टोचून घ्यावी व पुढे पशुवैद्यकाने सांगितल्याप्रमाणे दर वर्षी टोचावी. कोणाही माणसास कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट असे काहीही लावू नये आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. तेव्हा गावठी उपायांत एक दिवसही घालवू नये.

धन्याचे कर्तव्य

जिगर ही कुत्र्याची जन्मजात ठेव आहे. ती वाढीस लावणे किंवा वाया घालविणे हे धन्याच्या हाती असते. माघार कधी घ्यावी, हे जिगरबाज कुत्र्यास पुष्कळदा कळत नाही. ते धन्यास कळले पाहिजे. डुकराशी झुंजून एका रात्रीत मेलेल्या कुत्र्याची गोष्ट गावात चार दिवस सांगितली जाते, पण पाचव्या दिवशी शेत राखणीवाचून उघडेच राहते. जो कुत्रा रात्रभर बांधावर उभा राहतो, हाकेसरशी परत येतो आणि पुढच्या हंगामातही त्याच बांधावर उभा असतो, त्याची जिगर शेतकऱ्याच्या खऱ्या उपयोगाची होय.