देशोदेशीचे ताट, देशोदेशीचे रोग

पथ्यापथ्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. आजाऱ्याला काय द्यावे आणि काय वर्ज्य करावे, हे घरातील वडीलधारी माणसे वैद्याला न विचारताही सांगत आली आहेत. परंतु हा विचार बहुधा एका व्यक्तीपुरता असतो. संपूर्ण प्रांताचे रोजचे जेवण त्या प्रांतात कोणते रोग बळावतील हे पुष्कळ अंशी ठरविते, आणि ते जेवण बदलले म्हणजे रोगांचे प्रमाणही बदलते, ही गोष्ट पुराव्यानिशी प्रस्थापित झाली ती गेल्या दीडशे वर्षांतच. त्या पुराव्यांपैकी काहींची ओळख येथे करून द्यावयाची आहे.

जपानच्या 'रयूजो' या युद्धनौकेने १८८२-८३ साली न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका आणि हवाई बेटे असा दीर्घ प्रवास केला. नौकेवर ३७६ माणसे होती. त्यांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला व २५ जण दगावले. पाय सुजणे, हातापायांतील बळ जाणे आणि अखेर हृदय थकणे अशी या रोगाची लक्षणे. जपानी आरमारात तो इतका बोकाळला होता की, युद्धप्रसंगी नौका हाकण्यास धडधाकट माणसे मिळतील की नाही, अशी चिंता अधिकाऱ्यांना पडली होती. लंडनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेऊन परतलेले आरमाराचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांच्या नजरेत एक गोष्ट भरली. रोग साध्या खलाशांत अधिक, अधिकाऱ्यांत कमी. खलाशांना पांढराशुभ्र सडलेला तांदूळ सरकारातून मिळे आणि कालवणासाठी रोख भत्ता. गरीब घरांतून आलेले हे तरुण भत्ता वाचवून घरी पाठवीत आणि केवळ भातावर भागवीत. गावी असताना जो पांढरा भात सणासुदीलाच दिसे, तो येथे दोन्ही वेळा पोटभर मिळत असल्याने त्यांना त्यात काही उणे वाटत नसे.

ताकाकी यांनी सरकारचे मन वळवून १८८४ साली 'त्सुकुबा' ही दुसरी नौका त्याच मार्गाने धाडली. मात्र या वेळी शिध्यात मांस, दूध व पाव यांची भर घातली. या प्रवासात मोजक्याच खलाशांना बेरीबेरी झाला आणि मृत्यू एकही झाला नाही. पुढे भातात जव मिसळण्याचा प्रघात पडला व आरमारातून हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. ताकाकी यांनी दिलेले कारण मात्र चुकीचे होते. त्यांच्या मते उणीव प्रथिनांची होती. खरी उणीव तांदळाच्या कोंड्याबरोबर निघून जाणाऱ्या थायमिन अर्थात 'ब १' जीवनसत्त्वाची होती. त्या कोंड्याचे महत्त्व पुढे डच डॉक्टर ख्रिस्तियान आइकमान यांनी बटाव्हिया येथे, म्हणजे आजच्या जकार्तात, कोंबड्यांवर केलेल्या प्रयोगांतून उघड झाले. त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जपानी लष्करातील डॉक्टर मात्र बेरीबेरी जंतूंमुळेच होतो या मताला चिकटून राहिले. परिणामी १९०४-०५ च्या रशियाबरोबरील युद्धात दोन लाखांहून अधिक जपानी सैनिक या रोगाने आजारी पडले. सिद्धान्त पक्का होण्याची वाट न पाहता अनुभवाने लाभदायक ठरलेला उपाय योजावा की नाही, हा प्रश्न प्रशासनापुढे वारंवार येतो. येथे आरमाराचे व लष्कराचे उत्तर वेगळे होते आणि त्याची किंमतही वेगळी पडली.

जाता जाता एक नोंद करावीशी वाटते. आपल्या कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाची जी जुनी चाल आहे, तिच्यात भात सालीसकट उकडताना हे जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरते. म्हणून नंतर तांदूळ सडला तरी ते सर्वस्वी जात नाही.

उत्तर कारेलियाचा प्रयोग

बेरीबेरी हा उणिवेचा रोग. भरल्या घरातील रोगांची कथा निराळी आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ अँसल कीज यांनी १९५८ पासून सात देशांतील ४० ते ५९ वर्षे वयाच्या सुमारे पावणेतेरा हजार पुरुषांची पाहणी सुरू केली. तीत हृदयविकाराचे प्रमाण सर्वांत कमी आढळले ते ग्रीसच्या क्रीट बेटावर आणि सर्वांत अधिक आढळले ते पूर्व फिनलंडमध्ये. हा निष्कर्ष अनेकांना चक्रावून टाकणारा होता. कारण पूर्व फिनलंडमधील माणसे बैठ्या कामाची नव्हती. ती लाकूडतोडे आणि शेतकरी होती, बर्फात मैलोगणती चालणारी होती. असे काटक पुरुष चाळिशी-पन्नाशीत छातीत कळ येऊन जात होते आणि तरुण विधवा ही त्या खेड्यांतील नित्याची गोष्ट झाली होती.

कारण त्यांच्या ताटात सापडले. दुसऱ्या महायुद्धानंतर पुष्कळांना लहान लहान जमिनी मिळाल्या होत्या व त्यांवर गाई पाळून त्यांनी प्रपंच सावरला होता. लोणी व सायीचे दूध ही त्या घरांच्या दृष्टीने समृद्धीची खूण होती. पावावर लोणी, कढईत लोणी, जेवताना सायीचे दूध, जोडीला खारवलेले मांस. भाजीपाला हे जनावरांचे खाद्य अशी समजूत. त्यात भर धूम्रपानाची. रक्तातील कोलेस्टेरॉलचे प्रमाण यामुळे अतिशय वाढलेले असे.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पहिली हाक लोकांनी दिली. उत्तर कारेलिया या प्रांताच्या प्रमुखाने व लोकप्रतिनिधींनी १९७१ साली सरकारकडे सह्यांचे निवेदन पाठवून मदत मागितली आणि १९७२ मध्ये प्रकल्पाला आरंभ झाला. तिशीही न गाठलेले डॉक्टर पेक्का पुस्का यांच्याकडे त्याची सूत्रे आली. त्यांनी रुग्णालयात बसून रुग्णांची वाट पाहिली नाही. ज्याला आज धोका अधिक आहे अशा मोजक्या माणसांना औषध देण्याने प्रांताचा प्रश्न सुटणार नाही, सर्वांचेच जेवण थोडे थोडे बदलावे लागेल, अशी त्यांची भूमिका होती.

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. व्याख्याने आणि पत्रके यांनी फारसे साधले नाही. साधले ते गृहिणींच्या 'मार्था' या संघटनेमुळे. तिच्या शाखा खेडोपाडी होत्या. या महिलांनी गावोगाव स्नेहभोजने घडवून आणली. नेहमीचाच कालवणाचा पदार्थ मांस व चरबी कमी करून आणि कंदभाज्या वाढवून तेथे रांधला जाई आणि लोक तो खाऊन पाहत. नवा पदार्थ शिकविण्यापेक्षा जुनाच पदार्थ थोडा बदलणे अधिक फलदायी ठरले. कुल्मे तयार करणाऱ्यांना चरबीचा काही भाग काढून तेथे अळंबी वापरण्यास राजी करण्यात आले. पुढे, कोणत्या गावाचे कोलेस्टेरॉल अधिक उतरते, अशा गावागावांत स्पर्धाही लागल्या.

खरा पेच होता तो दुग्धव्यवसायाचा. लोण्याविरुद्धचा प्रचार म्हणजे आपल्या पोटावर पाय, असे गवळ्यांना व दूधसंघांना वाटले तर त्यात नवल नव्हते. या आक्षेपाला नुसत्या उपदेशाने उत्तर देता आले नसते. दुधाचा भाव स्निग्धांशावर ठरविण्याची जुनी पद्धत कालांतराने बदलून प्रथिनांना महत्त्व देण्यात आले, कमी स्निग्धांशाच्या दुधाला उत्तेजन मिळाले. थंड हवेत येणाऱ्या, मोहरीच्या जातीच्या तेलबियांची लागवड वाढविण्यात आली. काही गवळ्यांना त्या प्रदेशात सहज येणाऱ्या बोरवर्गीय फळांच्या शेतीकडे वळविण्यात आले. प्रस्तुत लेखकाच्या मते संपूर्ण प्रकल्पाचे मर्म येथे आहे. उत्पादकाच्या मिळकतीची सोय लागल्यावाचून खाणाऱ्याचे ताट बदलत नाही.

१९७२ साली उत्तर कारेलियातील दहांपैकी सुमारे नऊ जण पावाला लोणीच लावीत. आज तसे करणारे थोडे उरले आहेत. १९७७ नंतर हे काम साऱ्या फिनलंडभर नेण्यात आले. चाळीस वर्षांच्या अवधीत उत्तर कारेलियातील कर्त्या वयाच्या पुरुषांत हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. या घटीत औषधोपचाराचा व शस्त्रक्रियांचाही वाटा आहे. तरी मोठा वाटा कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि धूम्रपान कमी होण्याचा आहे, असा अभ्यासकांचा निर्वाळा आहे.

मीठ आणि स्थलांतर

जपानमध्ये लोणी नव्हते, हृदयविकारही फारसा नव्हता. तेथे पक्षाघात होता. १९५१ पासून १९८० पर्यंत मृत्यूच्या कारणांत त्या देशात पक्षाघाताचा क्रमांक पहिला होता. उत्तरेकडील थंड प्रदेशांत तो विशेष होता, कारण हिवाळ्याच्या बेगमीसाठी भाज्या व मासे मिठात मुरवून ठेवीत. अकिता भागात माणशी दररोज २५ ग्रॅमहून अधिक मीठ पोटात जात असल्याच्या नोंदी १९५० च्या दशकातील आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा ५ ग्रॅमची, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभर मिठाची आहे.

नागानो हा डोंगराळ प्रांतही असाच. खारवलेल्या पालेभाजीचे लोणचे आणि 'मिसो', म्हणजे आंबविलेल्या सोयाबीनचे खारट सार, यांवाचून तेथील जेवण पुरे होत नाही. तेथे गावोगावच्या गृहिणी पाळीपाळीने आरोग्यसेविकेचे काम करीत. १९८० च्या दशकाच्या आरंभी मीठ कमी करण्याची मोहीम निघाली, तेव्हा या स्त्रिया घरोघरी जाऊन साराचा खारटपणा उपकरणाने मोजीत आणि सारात भाज्या अधिक घाला म्हणजे पाणी व मीठ आपोआप कमी लागेल, असे सुचवीत. सार सोडा, असे कोणी म्हटले नाही. २०१० च्या आयुर्मानाच्या तक्त्यात नागानोचे स्त्री व पुरुष दोघेही जपानात पहिले आले. अर्थात रक्तदाबावरील औषधे, १९६१ पासूनचा सार्वत्रिक आरोग्यविमा आणि घरोघरी आलेला फ्रिज यांचे श्रेयही मान्य करावयास हवे.

हे रोग जपानी रक्तातच आहेत काय, या शंकेचे निरसन दुसऱ्या एका अभ्यासाने केले. १९६५ च्या सुमारास जपानात राहणारे, हवाईत स्थायिक झालेले आणि कॅलिफोर्नियात गेलेले असे जपानी वंशाचे पुरुष एकाच पद्धतीने तपासण्यात आले. हृदयविकार जपानात सर्वांत कमी, हवाईत मध्यम आणि कॅलिफोर्नियात सर्वांत अधिक आढळला. पक्षाघात जपानात अधिक होता. वंश तोच होता, आहार आणि राहणी बदलली होती.

पुण्याजवळची खेडी

असे असले तरी सर्वांची शरीरे एकाच ताटाला सारखाच प्रतिसाद देतात असे नाही, आणि याचा एक महत्त्वाचा पुरावा महाराष्ट्रातून मिळाला आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास हाती घेतला. या बाळांचे जन्मवजन सरासरीने सुमारे २.७ किलो भरले, इंग्लंडमधील साउथँप्टनच्या बाळांचे साडेतीन किलो. आपली बाळे स्नायूंनी व अवयवांनी लहान होती, पण त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने कमी नव्हती. बाहेरून कृश आणि आतून मेदयुक्त अशी ही ठेवण पुढे अन्नाची सुबत्ता आली की मधुमेहाला अनुकूल ठरते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह आहे.

ज्या माता गरोदरपणी हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध वरचेवर खात, त्यांची बाळे वजनाने अधिक भरली, हेही याच अभ्यासात दिसून आले. भाकरीचे प्रमाण वाढविण्याचा तेवढा गुण दिसला नाही. अनेक स्त्रियांत 'ब १२' जीवनसत्त्व कमी आढळले. ते दूधदुभते, अंडी, मासे व मांस यांतूनच मिळते आणि ज्या घरांत दूध येते तेथेही ते प्रथम पुरुषांच्या व मुलांच्या वाट्याला जाते, हे आपल्यापैकी कोणास सांगावयास नको. १९९३ नंतर जन्मलेली ती मुले-मुली वयात येताच २०१२ पासून त्यांना हे जीवनसत्त्व अल्प मात्रेत देण्याचा प्रयोग सुरू करण्यात आला. ते गरोदरपणी नव्हे, तर लग्नापूर्वीच दिल्याने पुढच्या पिढीच्या बाळांत काय फरक पडतो, हे त्या बाळांना तोलून व तपासून पाहण्यात आले.