उगारलेला हात का थांबतो?

बायकोला मारणारा पुरुष पुढे सुधारतो काय? ‘स्वभावाला औषध नाही’ असे म्हणून आपण हा प्रश्न बाजूस सारतो. फार तर ‘रागाच्या भरात झाले’ अशी पुस्ती जोडतो. पण हाच गृहस्थ कचेरीत साहेबाचे चार शब्द मुकाट्याने ऐकून घेतो. म्हणजे राग त्याला आवरता येतो. घरात आवरण्याची गरज भासत नाही, इतकेच. ती गरज कशाने उत्पन्न होते?

पहिले उत्तर शिक्षेचा धाक. अमेरिकेत मिनिआपोलिस शहरी १९८१-८२ मध्ये पोलिसांनी प्रयोग केला. काही मारकुट्यांना अटक केली, काहींना समज दिली, काहींना आठ तास घराबाहेर धाडले. पुढील सहा महिन्यांत अटक झालेल्यांकडून मारहाण सर्वांत कमी झाली. परंतु नंतर मिलवॉकी शहरी तसाच प्रयोग झाला, तेव्हा नोकरीवाले अटकेने वचकले आणि बेकार मात्र उलट अधिक मारहाण करू लागले. गमावण्याजोगे काही असेल, त्यालाच धाक लागू पडतो.

दुसरे उत्तर अंतर्मुख होण्याचे. ब्रिटनमध्ये अशा पुरुषांचे दीर्घ मुदतीचे वर्ग चालतात. तेथे त्यांना स्वतःच्या कृत्याचा जबाब द्यावा लागतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत त्यांच्या स्त्रियांनाच विचारले गेले. चापट मारणे, ढकलणे, वस्तू फेकून मारणे हे प्रकार आधी ८७ टक्के स्त्रियांनी सांगितले होते, वर्षभराने अवघ्या ७ टक्क्यांनी. सारे श्रेय वर्गांचे नव्हे. कित्येक जोडपी तोवर विभक्तही झाली होती. शिवाय पैशावरचा ताबा आणि जाण्यायेण्यावरची पाळत तितकी कमी झाली नव्हती. हात थांबला तरी हुकमत उरते, ती अशी.

आपल्याकडे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यान्वये न्यायदंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात. २००६ च्या नियमांप्रमाणे त्या वेळी पुरुषाला मारहाणीचे समर्थन करता येत नाही. हे कलम मोठे मर्मग्राही आहे. ‘ती उलट बोलली’, ‘मी प्यालो होतो’ या सबबी जेथे संपतात, तेथेच सुधारणेला आरंभ होतो.

मात्र तो सुधारेल या आशेवर स्त्रीने मार खात बसावे, असा याचा अर्थ नव्हे. आधी तिचे रक्षण, मग त्याची सुधारणा. आणि तो खरोखर सुधारला की नाही, याचा दाखला त्याने नव्हे, तिने द्यायचा.