हातातले यंत्र कोणाचे?



हळदीच्या हंगामात सभा भरविणे हे तसे धाडसाचेच काम. दिवसभर हळद शिजवून, वाळत घालून अंग मोडून आलेले असताना आपण नामदेवांच्या ह्या गावी व्याख्यान ऐकावयास जमलात, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. मजजवळ पदवी नाही. शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके आणि सरकारी परिपत्रके वाचता वाचता झाले. तेव्हा संगणकशास्त्रातला पंडित म्हणून मी येथे उभा नाही. ज्या बायामाणसांची कामे आता ह्या यंत्रावाचून अडतात, त्यांची गाऱ्हाणी ऐकता ऐकता जे कळले, तेवढेच सांगणार आहे.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. आपल्या खिशातला मोबाईल म्हणजे केवळ बोलण्याचे यंत्र नव्हे. तो पुरता संगणक आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली कामास लागला. त्यासाठी वेगळी मोठी जागा लागे आणि तो चालविण्यास जाणकार माणसे लागत. त्याची चालू कामाची स्मृती आजच्या मापाने सुमारे १० किलोबाइट होती. आज अगदी स्वस्त म्हणून मिळणाऱ्या २ जीबीच्या मोबाईलची तीच स्मृती त्याच्या दोन लाख पटींहून अधिक आहे.

ते यंत्र संस्थेत होते, म्हणून माणूस त्याच्याकडे जाई. पुढे बँकांत संगणक येऊ लागले तेव्हाही हीच रीत होती. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यंत्रीकरणाबाबत बँकांशी करार केला. त्या काळचा वाद नोकऱ्यांचा होता : यंत्र आले तर माणसे किती उरतील? तो प्रश्न खोटा नव्हता. पण संध्याकाळी कारकून घरी निघाला की बँकेचे यंत्र बँकेतच राहत असे. आज यंत्र कामगाराबरोबर घरी येते, उशाशी झोपते, लेकीच्या लग्नाला येते. म्हणून आजचा वाद जुन्या वादाहून निराळा आहे. त्यात तीन प्रश्न आहेत. यंत्राची खरी किंमत काय? त्यावर ताबा कोणाचा? आणि त्यातून पाहतो कोण?

हे प्रश्न हवेत सोडण्यापेक्षा आपल्याच राज्यातले एक प्रकरण घेऊ. सरकारने महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांना २०१९ च्या सुमारास एक लाखाहून अधिक मोबाईल दिले. बालकांची वजने, उंची, गरोदर मातांच्या नोंदी, आहाराचे वाटप हे सारे रजिस्टरांऐवजी त्यांत भरावयाचे होते. १ मार्च २०२१ रोजी केंद्राचे ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप आले, आणि अडचण उघड झाली. मोबाईल २ जीबीचे. ॲप उघडले की तो गोठावा, तापावा, भरलेली माहिती जावी. हमीची मुदत संपलेली. दुरुस्तीचा खर्च काही हजारांत सांगितला जातो आणि तो आमच्याच अंगावर येतो, अशी सेविकांची तक्रार होती. तेव्हा सेविकेचे मासिक मानधन सव्वाआठ हजारांच्या आसपास. त्यात ॲपमध्ये माहिती इंग्रजीत भरावी लागे. ऑगस्ट २०२१ मध्ये हजारो सेविका प्रकल्प कार्यालयांत गेल्या आणि त्यांनी ते मोबाईल परत केले. फेब्रुवारी २०२३ च्या संपातही नवा मोबाईल ही एक मागणी होतीच.

त्या वेळी पुष्कळ शहाणी माणसे म्हणाली, ‘बायकांना यंत्र नको आहे, काम नको आहे.’ हे अज्ञान आहे. टिफ्रॅकच्या दोन लाख पटींचे यंत्र हाती असून ते का अडते, हे समजून घेतले तर हा आक्षेप टिकत नाही.

आपल्या जुन्या घरांत भिंतीत बळद असे. वर्षाचे धान्य त्यात साठवीत. आणि शेतात खळे असे. त्यावर कणसे पसरून मळणी होई. मोबाईलमध्येही दोन जागा असतात. एक साठवणीची, म्हणजे बळद : फोटो, नोंदी, ॲप तेथे पडून राहतात. दुसरी ‘रॅम’, म्हणजे खळे. काम चालू असते ते तेथे. २ जीबी म्हटले म्हणजे खळे तेवढे. त्यातला मोठा भाग मोबाईलचा स्वतःचा कारभार चालविणारी मूळ आज्ञावलीच अडवून बसते. उरलेल्या कोपऱ्यात पोषण ट्रॅकर, कॅमेरा, नकाशा, साहेबांच्या गटावरचे निरोप हे सारे एकदम मळावयाचे. जागा पुरत नाही म्हणून यंत्र अर्धी मळणी उचलून बाजूला ठेवते, दुसरी पसरते, पुन्हा पहिली आणते. ह्या ने-आणीत वेळ जातो, आणि कधी एक काम सरळ फेकून दिले जाते. त्यालाच आपण ‘हँग झाला’ म्हणतो. बळद मोकळी करून, म्हणजे फोटो पुसून, खळे मोठे होत नाही. सेविकांना मात्र वर्षभर सल्ला मिळत राहिला तो फोटो पुसण्याचा.

यावरून यंत्राच्या किमतीचा पहिला नियम निघतो. यंत्राचे मोल कागदावरच्या आकड्यांत नसते, त्याच्यावर टाकलेल्या कामाशी ते जुळते की नाही यात असते. दुसरा नियम असा की, खरेदीची पावती ही निम्मीच किंमत होय. बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. काच फुटते. कंपनी काही वर्षांनी सुधारणा पाठविणे थांबवते, आणि मग नवी ॲपे चालेनाशी होतात व जुनी भोके बुजत नाहीत. दर महिन्याचा रिचार्ज निराळाच. ही दुसरी निम्मी किंमत कोण भरणार, हे ठरविल्याशिवाय जे यंत्र दिले जाते, ते देणगी नसून हप्ता आहे. म्हणून घरासाठी मोबाईल घेतानाही चार गोष्टी विचाराव्यात : रॅम किती, बॅटरी कोठे व केवढ्यात बदलून मिळेल, सुधारणा किती वर्षे येणार, आणि जवळचे दुरुस्तीचे ठिकाण कोठे आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने एक संकेतस्थळ सुरू केले. त्यावर कंपन्यांची दुरुस्तीची व सुट्या भागांची माहिती एकत्र देण्याचा हेतू आहे. त्याचा उपयोग करावा.

आता ताब्याचा प्रश्न. नामदेव महाराज शिंप्याच्या घरचे. शिंप्याची कात्री, गज, सुई त्याची स्वतःची असत. काय शिवले, किती शिवले, हे कात्री कोणाला सांगत नसे. गिरणीत माग मालकाचा, पण त्याचे तेलपाणी आणि मोडतोडही मालकाच्याच अंगावर. दोन्ही व्यवस्था समजण्यासारख्या आहेत. हत्यार तुझे तर ताबा तुझा, माझे तर खर्च माझा. मोबाईलने एक तिसरी व्यवस्था आणली आहे. तीत खर्च कामगाराचा आणि ताबा दुसऱ्याचा. घरपोच जेवण पोचविणारा पोरगा मोबाईल स्वतःच्या पैशाने घेतो, रिचार्ज स्वतः करतो, पण त्याच मोबाईलवरून त्याला काम मिळते, त्याचे मिनिट मोजले जाते आणि त्याच मोबाईलवरून एखाद्या दिवशी त्याचे काम बंदही होते. ह्या तिसऱ्या व्यवस्थेला आपल्या जुन्या कामगार कायद्यांत नीट नावही नव्हते.

तिसरा प्रश्न नजरेचा, आणि तो सर्वांत अवघड आहे. मोबाईल परत करण्याच्या त्या दिवसांत आमच्या बैठकीत एक ताई उठल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘मोबाईल देते, पण त्यात माझ्या मुलीच्या बाळंतपणाचे फोटो आहेत. ते कोण बघणार?’ मी त्या क्षणी काही उत्तर देऊ शकलो नाही. मला पगार, भत्ता, रजा यांचे कायदे पाठ होते. ह्या प्रश्नासाठी माझ्याजवळ कलम नव्हते. त्या रात्रीपासून मी ह्या विषयाचा अभ्यास सुरू केला, हे कबूल केले पाहिजे.

मोबाईलमधले ॲप तुमच्याकडे परवानग्या मागते : ठिकाणाची, कॅमेऱ्याची, माइकची, ओळखीच्यांच्या यादीची. आपण घाईत ‘होय’ दाबतो. ठिकाणाची परवानगी ‘सदैव’ दिली, तर काम संपल्यावरही ते ॲप तुम्ही कोठे आहात हे जाणू शकते. नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर ठिकाण दाखविणारी घड्याळे बांधली. रस्ता झाडणारी बाई कोठे आहे हे कचेरीत बसून दिसावे, हा हेतू. अशाच रीतीने १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा फोटो काढून ॲपवर टाकणे सक्तीचे झाले. परिणाम काय झाला? जुलै २०२५ मध्ये खुद्द केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने परिपत्रक काढून सांगितले की, भलतेच फोटो चढविले जात आहेत, फोटोचेच फोटो काढले जात आहेत. म्हणजे लबाडाने वाट काढलीच. रेंज नसलेल्या माळावर राबणारी बाई मात्र फोटो चढला नाही म्हणून हजेरीला मुकण्याची भीती बाळगून राहिली.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर मी प्रामाणिक ठरणार नाही. बालकांचा आहार मध्येच गळू नये, खोटी नावे यादीत राहू नयेत, कुपोषित मूल वेळेवर सापडावे, हे सारे हवेच आहे. रजिस्टराच्या काळातही चोरी होतीच. नोंद यंत्रात आली तर वरच्यालाही लवकर कळते. म्हणून नोंदीला आमचा विरोध नाही. आमचे म्हणणे एवढेच की, नजर धान्यावर असावी. पोत्यापासून ताटापर्यंतचा हिशेब यंत्राने जरूर ठेवावा. त्यासाठी सेविकेचे रात्रीचे ठिकाण लागत नाही. १ जुलै २०२५ पासून घरी नेण्याचा शिधा देताना लाभार्थीचा चेहरा यंत्राने ओळखण्याची सक्ती झाली. मातेचा चेहरा, आधार, ओटीपीचा आकडा, हे सारे एका सेविकेच्या हातातून जाते. मोबाईल नवऱ्याजवळ, तो ऊसतोडीला गेलेला, ओटीपी तिकडे. अशा वेळी बाळाचा शिधा अडला तर दोष कोणाचा? आणि हा चेहऱ्यांचा साठा किती काळ राहणार, कोणाला दिसणार, हे त्या मातेला तिच्या भाषेत कोणी सांगितले काय?

‘लपविण्यासारखे काही नाही तर भीती कशाची?’ असे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी म्हणतो, घराला दार असते ते चोरीचा माल लपविण्यासाठी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी, निवृत्त न्यायाधीश पुट्टस्वामी यांच्या प्रकरणात, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमताने निर्णय दिला. सरकारला त्यात हात घालावयाचा तर त्याला कायदा हवा, योग्य हेतू हवा, आणि हेतूच्या मानाने ढवळाढवळ बेताची हवी. ही तिहेरी कसोटी ध्यानात ठेवावी. अर्जात लिहिण्यास फार उपयोगी आहे.

२०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य बंधने लागू होण्यास त्यांत १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. ह्या कायद्यात माहिती घेण्यापूर्वी संमती हवी असे तत्त्व आहे. पण ‘नोकरीच्या कारणासाठी’ संमतीवाचूनही माहिती वापरण्याची वाट त्यातच ठेवलेली आहे. नोकरीचे कारण कोठे संपते, हे कायद्याने सांगितलेले नाही. ते आता करारात आणि वाटाघाटीतच ठरवून घ्यावे लागेल. ते संघटनेचे काम होय.

आवाज उठविल्याने काही होत नाही असे म्हणू नका. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने नव्या प्रत्येक मोबाईलमध्ये ‘संचार साथी’ हे ॲप आधीच घालून देण्याचा आदेश काढला. चोरीचा मोबाईल शोधण्यास ते उपयोगीच आहे. पण उपयोगी वस्तू आपण होऊन घेणे निराळे, आणि ती घरात न विचारता आणून ठेवणे निराळे. देशभर चर्चा झाली, आणि ३ डिसेंबर रोजी सक्ती मागे घेण्यात आली.

शेवटी रोजच्या उपयोगाच्या काही गोष्टी. मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन ॲपच्या परवानग्या पाहाव्यात. ठिकाणाची परवानगी ‘ॲप वापरताना’ एवढीच ठेवावी. कामाच्या मोबाईलवर घरचे फोटो व बँकेचा व्यवहार ठेवू नये. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की मोबाईलचा पंधरा आकडी क्रमांक दिसतो. तो वहीत लिहून ठेवावा. मोबाईल परत करताना किंवा विकताना आधी आपली माहिती उतरवून घ्यावी, आपले खाते काढावे, सिम व मेमरी कार्ड काढावे, मग ‘फॅक्टरी रीसेट’ करावे. मात्र कामाच्या नोंदी वर पोचल्याची खात्री आधी करून घ्यावी, नाहीतर आळ आपल्यावर येतो. आणि परत दिल्याची तारीखवार लेखी पोच घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरू नये.

त्या ताईंना मी दुसऱ्या दिवशी शोधून गाठले. गावातल्या कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाला बरोबर घेतले. त्याने फोटो दुसऱ्या मोबाईलवर घेऊन तो मोबाईल पुसून दिला. पंधरा-वीस मिनिटांचे काम. मग आम्ही पारावर एक दिवस बसविला आणि आलेल्या प्रत्येकीला ते स्वतःच्या हाताने करावयास शिकविले. पुढच्या खेपेस कोणा मुलाची गरज पडली नाही. ह्या सभेनंतरही तसेच बसावे असा विचार आहे. ज्यांना शिकावयाचे असेल त्यांनी मोबाईल घेऊन थांबावे. एवढे बोलून मी आपली रजा घेतो.