काळं ऑईल लावलं, तरी मेढ बुडातून का कुजते?



गेल्या महिन्यात तीन गटांच्या बैठकांना गेले आणि तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न आला. "मॅडम, शेडच्या मेढींना जळकं ऑईल लावलं तर चालेल का? गॅरेजवाला फुकट देतोय." पावसाळा तोंडावर आलाय, शेळीपालनाचं कर्ज हातात पडलंय, शेड उभी करायची घाई आहे. म्हणून या अंकात त्यावरच लिहिते.

आधी माझीच एक चूक सांगते. मी नोकरीला लागले त्या पहिल्या वर्षी एका ताईंनी गटाच्या कर्जातून शेळ्यांसाठी शेड बांधली. मेढी आणि वासे घरच्या बांधावरचे. त्यांनी ट्रॅक्टरचं काळं ऑईल आणून जुन्या लुगड्याच्या बोळ्याने सगळ्या लाकडाला फासलं. मी बैठकीत त्यांचं कौतुक केलं. "बघा, बिनखर्चाचा उपाय!" असंही म्हणाले. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला की शेड एका बाजूला कलली आहे. जाऊन पाहिलं तर मेढी वरून काळ्या, चकचकीत, अगदी नव्यासारख्या. पण जमिनीच्या रेषेत बोट घातलं तर लाकूड ओल्या भाकरीसारखं निघत होतं. शिवाय करडं मेढी चाटतात म्हणून त्यांनी खाली गोणपाट गुंडाळलं होतं, आणि ऑईल लावल्यापासून हाताला खाज सुटत होती ते वेगळंच. एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत लाकूड कसं कुजतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मग सुतारकाकांना विचारलं, पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारलं, थोडं वाचलं. ते आता तुम्हाला सांगते.

लाकूड कुजतं कुठे आणि का?

लाकूड कुजवते ती बुरशी. तिला ओल लागते आणि हवाही लागते. मेढीचा वरचा भाग पावसात भिजतो, पण उन्हात वाळतो. जमिनीत खोल गेलेल्या भागाला ओल असते, पण हवा कमी मिळते. जिथे मेढ जमिनीत शिरते त्या वीतभर पट्ट्यात मात्र ओल आणि हवा दोन्ही असतात. म्हणून मेढ नेहमी तिथेच मोडते. वाळवी पण मातीतूनच येते. मातीची बारीक नळी करून ती लाकडावर चढते, कारण तिला ओलावा सोडून राहता येत नाही.

आता काळं ऑईल काय करतं? ते लाकडाच्या वरच्या थरातच राहतं. त्यामुळे काही महिने पाणी ओघळून जातं, एवढा उपयोग नक्की होतो. पण लाकूड ओलं असेल तर ऑईल आत शिरतच नाही. पुढे उन्हाने लाकडाला भेग पडली की तिथून पाणी आत जातं, आणि आतल्या कोऱ्या लाकडात बुरशी सुखाने वाढते. वासामुळे वाळवी थोडे दिवस लांब राहील. वास उडाला की ती कापलेल्या टोकातून किंवा भेगेतून आत शिरते. थोडक्यात, ज्या वीतभर जागेत संरक्षण हवं, तिथेच ऑईल कमी पडतं.

काही जणी म्हणतात, "रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर काळेच असायचे, ते कसे टिकले?" ताई, ते इंजिनचं ऑईल नव्हतं. ते क्रिओसोट नावाचं वेगळं तेल, कारखान्यात यंत्राच्या दाबाने लाकडाच्या आतपर्यंत भरलेलं. तेही विषारीच असतं, म्हणून असे जुने स्लीपर मिळाले तरी गोठ्यात वापरू नका.

ऑईल काळं कशाने होतं?

नवीन ऑईल मधासारखं सोनेरी असतं. इंजिनमध्ये फिरून ते काळं होतं, म्हणजे त्यात काजळी, अर्धवट जळलेलं इंधन आणि इंजिन झिजून निघालेले धातूचे कण मिसळतात. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं. ते २००० साली देशभर बंद झालं, त्यामुळे शिशाचं प्रमाण कमी झालं. पण बाकीचं सगळं आजही त्यात आहेच. काजळीसोबत येणारी काही रसायनं कॅन्सर करणारी आहेत. एकदा हाताला लागलं म्हणून लगेच काही होत नाही, पण वर्षानुवर्षं उघड्या हाताने वापरत राहिलं तर त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

आपल्याकडे हे काम कोण करतं? बहुतेक घरांत आपणच. हातमोजे नाहीत, बोळा पदराच्या फडक्याचा, आणि त्याच हाताने पुढे भाकरी थापायची. लवकर आत मुरावं म्हणून कुणी त्यात रॉकेल किंवा डिझेल मिसळतं, तेव्हा तर आगीचीही भीती. शेवटी कुजलेली मेढ जाते कुठे? चुलीत. म्हणजे उरलंसुरलं धुरावाटे आपल्याच छातीत.

जनावरांचंही तसंच. वासरं, करडं नवीन वासाचं काहीही चाटून बघतात. ऑईल पोटात गेलं तर खाणं सुटतं, पोट फुगतं, जनावर लडखडतं. असं दिसलं तर घरगुती काढा किंवा तेल पाजू नका. लगेच डॉक्टरांना बोलवा किंवा १९६२ या मोफत क्रमांकावर फोन करा. चुकून लहान मुलाने ऑईल प्यायलं तर त्याला उलटी करायला लावू नका, कारण उलटी होताना ते फुप्फुसात जाऊ शकतं. १०८ ला फोन करा आणि थेट दवाखाना गाठा.

मग करायचं काय?

ताई, नुसतं "हे करू नका" सांगून शेड उभी राहत नाही, हे मला कळतं. म्हणून स्वस्तातले आणि होण्यासारखे उपाय देते.

एक, मेढ मातीत गाडू नका, दगडावर ठेवा. आपल्या गावातला जुना वाडा आठवा. लाकडी खांबाच्या खाली दगड असतो ना, त्याला तळखडा म्हणतात. तो खांब पिढ्यान्‌पिढ्या टिकला, कारण लाकूड मातीला टेकलंच नाही. आपणही तेच करायचं. जमिनीच्या वर वीतभर येईल असा दगडाचा किंवा काँक्रीटचा ठोकळा घाला, त्यात लोखंडी पट्टी किंवा सळई बसवा आणि मेढ तिला बोल्टने आवळा. मेढ गाडलेली नसली की शेड वाऱ्याने हलू शकते, म्हणून कोपऱ्यांना तिरके टेके द्यायला गवंड्याला किंवा सुताराला सांगा. या एका कामासाठी पैसे खर्च करा, बाकी ठिकाणी वाचवा.

दोन, लाकूड पारखून घ्या. कापलेल्या लाकडात मधला भाग गडद आणि कडेचा पांढरट दिसतो. पांढरट भाग वाळवी आधी खाते. सागाचा, बाभळीचा, खैराचा गडद गाभा मुळातच टिकाऊ असतो. लाकडाची साल पूर्ण काढा, कारण सालीखाली ओल आणि कीड दडून राहते. मग सावलीत, दगडांवर आडवं ठेवून वाळू द्या. ओलं लाकूड घाईने उभं करू नका.

तीन, बांबूला टाकणखार आणि बोरिक पावडरचं पाणी. बांबूतून पिवळसर भुकटी पडते ती भुंगेऱ्यांमुळे. बांबूच्या आतल्या पिठासारख्या भागासाठी ते येतात. जुनी माणसं बांबू ओढ्यात बुडवून ठेवायची, त्याचं कारण हेच. पाण्यात तो पिठूळ भाग निघून जातो. त्याहून पक्का उपाय असा आहे:

१०० लिटर पाणी, २ किलो बोरिक पावडर, ३ किलो टाकणखार. आधी थोड्या कोमट पाण्यात पावडर विरघळवा, मग बाकीचं पाणी घाला. खड्ड्यात जाड ताडपत्री घालून टाकी करता येते. तीन वर्षांच्या वरचा, ताजा तोडलेला बांबू घ्या. लांब सळईने आतली पेरं फोडा, म्हणजे पाणी आत शिरेल. वर दगड ठेवून बांबू पूर्ण बुडवा. अख्खा बांबू दहा ते पंधरा दिवस, चिरलेल्या कामट्या चार-पाच दिवस. नंतर सावलीत उभा करून वाळवा.

दोन गोष्टी विसरू नका. हे औषध पाण्यात विरघळतं, म्हणून पावसाने ते धुऊन जातं. छपराखालच्या वाशांना, ताट्यांना ते चांगलं आहे, मातीत गाडायच्या बांबूला नाही. आणि ही पावडर पोटात गेली तर विषारी आहे. हातमोजे घाला. गरोदर ताईंनी हे काम करू नये. पावडर स्वयंपाकघरात ठेवू नका, टाकीवर झाकण हवं. उरलेलं पाणी पुढच्या बांबूंना वापरा. शेतात, विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नका, जास्त बोरॉनने पीक जळतं. एकटीला टाकी परवडत नसेल तर गटाने मिळून एकच करावी आणि आळीपाळीने वापरावी.

चार, हाताळायच्या लाकडाला जवसाचं तेल. कुदळीचा, विळ्याचा दांडा, घराची चौकट, दार यांना जवसाचं तेल पातळ हाताने लावून आठवडाभर सुकू द्या. ते वाळून घट्ट थर धरतं. वाळवीवर ते औषध नाही, पण पाणी अडवतं आणि हाताला अपाय करत नाही. एकच काळजी घ्या. त्या तेलाचे बोळे गोळा करून ढीग लावून ठेवू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवा किंवा एकेक पसरून वाळवा.

पाच, कुंपणाला जिवंत डांब लावा. कुंपणासाठी दर दोन-तीन वर्षांनी डांब बदलण्यापेक्षा पावसाच्या सुरुवातीला गिरीपुष्पाच्या जाड फांद्या लावा. त्या मूळ धरतात, पालवतात आणि तारही धरून ठेवतात. पाला खत म्हणून चालतो.

शेळ्यांची गव्हाण आणि पाण्याची जागा यांना मात्र कोणतंच औषध नको. तिथे सिमेंट किंवा दगडच बरा. आणि शेडला औषध काहीही असो, दर पंधरा दिवसांनी मेढीभोवती चक्कर मारा. मातीची नळी दिसली की झाडूने पाडा. पालापाचोळा, शेण, सरपण मेढीला टेकवून ठेवू नका.

आधीच ऑईल लावलं असेल तर?

घाबरू नका, पण पुन्हा हात देऊ नका. जनावराचं तोंड पोचतं तेवढ्या उंचीपर्यंत पत्रा किंवा फळी ठोका. ते लाकूड पुढे निघालं तर चुलीत घालू नका, बंबातही नाही. हाताला ऑईल लागलं तर आधी कोरड्या फडक्याने पुसा, मग साबणाने धुवा. रॉकेलने हात धुण्याची सवय सोडा, त्याने कातडी आणखी फाटते.

आणि उरलेल्या ऑईलचं काय?

हा प्रश्न आपल्या अवजार बँकेचा पण आहे. ट्रॅक्टरचं ऑईल बदललं की एका वेळी सात-आठ लिटर काळं ऑईल निघतं. ते बांधावर ओतलं की माती जाते, आणि पावसात वाहून विहिरीत येतं. कायद्यानेही वापरलेलं ऑईल घातक कचरा आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवं. आपण एवढं करू शकतो: झाकणाच्या कॅनमध्ये साठवायचं, त्यात पाणी किंवा रॉकेल मिसळू द्यायचं नाही आणि सर्व्हिस सेंटरला परत द्यायचं. कॅनवर "काळं ऑईल" असं मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे कुणी खाद्यतेलाचा कॅन समजून उचलणार नाही.

बैठकीत वाचून दाखवायला

१. मेढ जमिनीच्या रेषेत कुजते, ऑईल तिथे पुरत नाही.
२. लाकूड मातीला टेकू देऊ नका, खाली दगड घाला.
३. छपराखालच्या बांबूला टाकणखार आणि बोरिक पावडर.
४. गोठा, चूल, पाणी आणि मुलं यांच्याजवळ काळं ऑईल नको.
५. फुकट ऑईलचा हिशोब करताना नवी मेढ, मजुरी आणि डॉक्टरची फी पण धरा.

ज्या ताईंची शेड कलली होती, त्यांनी नंतर नदीतले चपटे दगड आणून, गवंडी लावून सहाही मेढी दगडांवर घेतल्या. त्यासाठी गटातून पुन्हा थोडं कर्ज काढावं लागलं. तो हप्ता खरं तर माझ्या सल्ल्याचा होता, हे मी विसरत नाही. म्हणून शेड बांधण्याआधी बैठकीत विषय काढा, मला किंवा तुमच्या सीआरपी ताईंना बोलवा. मेढ उभी करण्याआधी एक चक्कर मारायला मी नक्की येईन.

तुमची,
क्षेत्र समन्वयक