चामडं आकार लक्षात ठेवतं कसं?

इंदूरहून खंडवा रस्त्याला लागलं की सिमरोल येतं. इथे आयआयटी इंदूरचा परिसर आहे, आणि कुठला पदार्थ कसा वागतो व का वागतो, हे शिकवणारा स्वतंत्र विभागही तिथे आहे. त्याच इंदूरचे कारागीर असा एक पदार्थ हाताळतात, ज्याचं वागणं पाहून थक्क व्हावं. तो पदार्थ म्हणजे चामडं.

इंदूरच्या चामडी खेळण्यांना भौगोलिक मानांकन आहे. घोडा करायचा तर आधी तारेचा सांगाडा वळवतात. त्यावर गवत आणि रद्दी कागद गुंडाळून दोऱ्याने आवळतात, तेव्हा छाती भरते, मान उचलली जाते. मग शेळीचं किंवा मेंढीचं पातळ चामडं त्यावर ताणून चिकटवतात. मांडीच्या फुगीर भागावर, मानेच्या वळणावर, कानामागच्या खाचेत ते बोटांनी दाबत बसवायचं. सुकलं की अंगावर जन्मल्यासारखं घट्ट बसतं. त्यानंतर रंग आणि डोळे.

सपाट चामडं असं गोलाईवर बसतं कसं? त्याचं उत्तर कोलॅजन या प्रथिनात आहे. त्याचा एकेक रेणू म्हणजे तीन धाग्यांचा पीळ दिलेला दोर, लांबी जेमतेम 300 नॅनोमीटर. ही तिपेडी रचना 1954 साली मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी मांडली. त्यासाठी कांगारूच्या शेपटीच्या स्नायुबंधाचा नमुना त्यांना मिळाला तो तिथल्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडून! या तीन धाग्यांच्या मधोमध जागा इतकी अपुरी असते, की प्रत्येक धाग्यात दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिनच लागतं, कारण सर्वांत लहान तेच. घोड्याच्या मानेवरचं चामडं टिकतं ते या काटेकोर मांडणीच्या जोरावर.

पण कच्चं कातडं ओलं राहिलं तर कुजतं आणि नुसतं वाळवलं तर कडकडीत होतं. म्हणून ते कमवावं लागतं. कोल्हापुरी चपलेच्या परंपरेत त्यासाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. कातड्याचीच पिशवी शिवायची, तिच्यात हे तुरट पाणी भरायचं आणि ती टांगून ठेवायची. सालीतली टॅनिन द्रव्यं तंतूंमध्ये शिरून त्यांना धरून ठेवतात. कच्चं कातडं 60-65 अंशांच्या पाण्यात आक्रसतं. असं कमावलेलं चामडं 75-80 अंशांपर्यंत तग धरतं.

आता खरी गंमत. सालीत कमावलेलं चामडं भिजवलं की पाणी तंतूंमधले कमजोर बंध तात्पुरते सोडवतं. तंतू एकमेकांवरून सरकू लागतात. अशा वेळी ते लाकडी साच्यावर दाबा, बोथट हत्याराने पानाच्या शिरा उमटवा, नाकाचा बाक काढा. पाणी उडून जाईल तसे बंध पुन्हा जुळतात, पण नव्या जागी. आकार तिथेच थांबतो. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं मऊ चामडं उष्णता जास्त सोसतं, पण ते लवचीक असतं आणि असा आकार नीट धरत नाही.

हेच रसायन आज कॉमिक कॉन या चित्रकथाप्रेमींच्या मेळ्यातल्या टेबलांवरही पाहायला मिळतं. भारतातला पहिला कॉमिक कॉन फेब्रुवारी 2011 मध्ये दिल्ली हाटमध्ये भरला, म्हणजे हस्तकलेच्याच बाजारात. अशा मेळ्यांत चाहते आवडत्या पात्रांचा वेश करून येतात, आणि मुखवटा, मनगटपट्टा, खांद्यावरचं चिलखत यांना चामड्यासारखं साहित्य नाही. मध्ययुगीन युरोपात तर चामडं गरम पाण्यात किंचित आक्रसवून खरंखुरं कठीण चिलखत करत.

असं टेबल पाहाल तर त्यावरच्या मालाची मांडणी नीट बघा. जनावराच्या पाठीचं चामडं घट्ट, पोटाचं आणि पायांजवळचं सैल व ताणलं जाणारं. चामडं चौरस फुटावर विकत घ्यावं लागतं, त्यामुळे कारागीर घट्ट भागातून मोठा मुखवटा काढतो आणि उरलेल्या तुकड्यांतून कीचेन, पुस्तकखुणा, लहान पाकिटं. छोट्या वस्तू विकल्या गेल्या तर टेबलाचं भाडं सुटतं. मुखवट्यात त्याचं कसब दिसतं. त्याच्या किमतीत साच्याचं, भिजवण्याचं, सुकण्याची वाट पाहण्याचं सगळं मोल असतं. त्याच आकाराचा प्लॅस्टिकचा मुखवटा यंत्रातून भराभर निघतो; या दोन्हींच्या किमतींची तुलना करणं अन्यायाचं आहे.

इंदूरच्या खेळण्यांचे कारागीर आणि अशा मेळ्यांत जमणारी ही तरुण, हौशी गिऱ्हाइकं एकमेकांना भेटली पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं. घोड्याची मान घडवू शकणाऱ्या हातांना ड्रॅगनची मान अवघड नाही. तेव्हा पुढच्या वेळी अशा मेळ्यात चामड्याची वस्तू घ्याल, तेव्हा ती कशी कमावली आणि कुणी घडवली, हे जरूर विचारा. घासाघीस करू नका. आणि कारागिराचं नाव विचारून घ्या, म्हणजे इतरांनाही सांगता येईल.